रिव्हर्स टाकला की गाणं थांबतं

एरंडोलचे हिलाल नाना वीज कंपनीत वायरमन होते. सगळी नोकरी खांबावर चढण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी, दुसऱ्याच्या हातची गाडी घेतली, ती कमलबाईंच्या हौसेखातर. कमलबाईंना गाडीत बसून गाणी ऐकायची होती. माहेरी धुळ्याला जायचं, जळगावला लेकीकडे जायचं, काच अर्धी खाली घ्यायची आणि टेप लावायचा. त्या गाडीतल्या रेडिओला घरात सगळे टेपच म्हणत. गाडीच्या कंपनीनंच बसवून दिलेला तो साधा टेप होता, त्याला गोल बटण होतं आणि ते उजवीकडे फिरवलं की गल्लीच्या टोकापर्यंत आवाज जायचा.

नानांचं घर अरुंद बोळात. गाडी आत घातली की वळवायला जागा नाही, म्हणून निघताना ती उलटी काढावी लागे. तेव्हा कमलबाई मागे उभ्या राहत आणि हात हलवून 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत. वर्षभर हे असंच चाललं होतं. दोघांनाही त्यात काही जोखीम वाटली नाही.

नवरात्राच्या आधी घर झाडून-धुवून काढायचं म्हणून गोधड्यांची गाठोडी डिक्कीत भरली होती. अंजनी नदीवर धुवायला न्यायची होती. नानांनी गाडी चालू केली, टेपवर जुन्या गाण्यांचा कार्यक्रम लागला होता, त्यांनी आवाज वाढवला आणि रिव्हर्स टाकला. मागून बोळात एक मोटारसायकल शिरली. कमलबाई तिच्याकडे वळून बघायला गेल्या आणि गटारीच्या कडेवर त्यांचा पाय घसरला. त्या खाली बसल्या. 'थांबा, थांबा' म्हणून ओरडल्या. चार घरं पलीकडे भाजी निवडत बसलेल्या भिकुबाईंनी ते ऐकलं. मोटारसायकलवाल्यानं ऐकलं. फक्त गाडीत बसलेल्या माणसाला ऐकू आलं नाही.

मागचं चाक पायावर आलं आणि गुडघ्याखाली हाड मोडलं. धुळ्याला कमलबाईंचा भाऊ भिकन होता, त्याच्या ओळखीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत सळई बसली. जीव वाचला, पाय वाचला, असं सगळे म्हणाले. नाना हो हो म्हणत राहिले. दोन दिवसांनी कपडे न्यायला ते घरी आले, गाडीचं फ्यूजचं झाकण उघडलं, टेपचा फ्यूज उपटून काढला आणि अंजनीच्या पुलावरून पाण्यात टाकून दिला. मग गाडीवर ताडपत्री ओढली. त्यानंतर त्यांनी गाडीला हात लावला नाही.

दवाखान्यात दाखवायला न्यायचं असलं की गल्लीतल्या पुनाची जीप सांगावी लागे. पुना वाटेत आणखी माणसं घ्यायचा. कमलबाई मधल्या सीटवर पाय लांब करून बसत, आणि तो पाय कुणा अनोळखी बाईच्या मांडीवर जाई. पुना तंबाखू मळत हाकायचा आणि खड्डा दिसला तरी वेग कमी करायचा नाही. घरी आल्यावर पाय सुजलेला असे. कमलबाई कण्हत नसत. पण त्या रात्री त्या जेवत नसत, आणि नाना अंथरुणावर उताणे पडून छताकडे बघत.

एकदा कमलबाईंनी विषय काढलाच.

"गाडीनी काय चुकी शे?" त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या. "ती उभी राहीसनी सडी जाई."

"सडू दे," नाना म्हणाले.

"मना पाय मोडना ना? मग माले राग नही, तुम्हले कसाना शे?"

नाना उठून बाहेर ओट्यावर गेले. राग नव्हताच. चार घरं पलीकडे ऐकू गेलेला आवाज आपल्याला आला नाही, हे त्यांना गिळता येत नव्हतं. त्यांच्या आयुष्यात आवाजाला फार किंमत होती. खांबावर असताना खालच्या माणसानं 'थांब' म्हटलं की हात तिथेच थांबला पाहिजे. अशा 'थांब'मुळे ते स्वतः दोनदा वाचले होते.

कमलबाईंनी मग नवऱ्याशी बोलणं सोडलं आणि लेकीला फोन लावला. हेमांगी जळगावला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला होती. आईचं सगळं ऐकून घेऊन ती रविवारी सकाळच्या एसटीनं एरंडोलला आली. चहा झाल्यावर तिनं ओटा उतरून गाडीवरची ताडपत्री काढायला सुरुवात केली.

"काय चाललंय?" नाना बाहेर आले.

"गाडी जळगावला नेतेय. टेप बदलायचाय."

"टेपच नकोय मला. फ्यूज काढून टाकलाय मी त्याचा."

"मला माहीत आहे. म्हणूनच बदलायचा." हेमांगी ताडपत्रीची घडी घालत म्हणाली. "नाना, नवीन येतात त्यांना स्क्रीन असते. मागे कॅमेरा बसतो. रिव्हर्स टाकला की मागचं सगळं समोर दिसतं."

"डोळ्यांनी दिसतच होतं की. बघितलं नाही, ऐकलं नाही."

"तेच सांगतेय. रिव्हर्स टाकला की गाणं थांबतं. आपोआप. आपण काही करायचं नाही."

नाना ओट्याच्या पायरीवर उभे होते ते खाली उतरले.

"आपोआप म्हणजे कसं?"

"रिव्हर्सच्या दिव्याची वायर असते ना मागे, तिचा करंट त्या स्क्रीनला जातो. करंट आला की ती कॅमेरा दाखवते आणि आवाज बंद करते. गिअर काढला की पुन्हा सुरू."

नाना मागच्या दिव्यापाशी जाऊन वाकले. कुणी त्यांना धीर धर म्हटलं असतं, देवाची मर्जी म्हटलं असतं, तर ते आत निघून गेले असते. तसं म्हणणारे बरेच येऊन गेले होते. पण करंट आला की आवाज बंद, हे वाक्य त्यांना कळणारं होतं.

"आणि नाही झाला बंद तर?"

"तर तुम्ही तिथेच दुकानदाराला सांगा. तुम्ही चला सोबत."

बॅटरी उतरलेली होती. शेजारच्या ट्रॅक्टरची लावून गाडी सुरू केली. हेमांगीनं चालवली, नाना शेजारी बसले. पाळधी गेली, बांभोरीच्या पुलावरून गिरणेचं पात्र दिसलं, तरी त्यांची नजर समोरच्या रस्त्यावरून हलली नाही. फक्त बोळातून गाडी उलटी निघताना त्यांनी पूर्ण मान वळवून मागे पाहिलं होतं आणि रस्त्याला लागेपर्यंत हेमांगीला काच खालीच ठेवायला लावली होती.

जळगावातलं दुकान श्रेयांस नावाच्या तरुणाचं होतं. सीट कव्हर, मॅट, स्पीकर, सगळं तिथे मिळायचं. त्याला हेमांगीनं आधीच फोनवर गाडीचं मॉडेल सांगितलं होतं.

"काका, तुम्ही आत पंख्याखाली बसा," श्रेयांस म्हणाला. "झालं की हाक मारतो."

"मी इथे उभा राहिलो तर चालेल?"

"चालेल की."

श्रेयांसनं बॅटरीचं टोक सोडलं. मग प्लास्टिकची एक चपटी पट्टी डॅशबोर्डच्या फटीत सारली आणि हळूहळू उचकटत नेली. क्लिपा एकामागून एक टकटक सुटल्या. टेपभोवतीची चौकट निघून हातात आली. आतले स्क्रू काढून त्यानं टेप पुढे ओढला, तसा मागून वायरींचा जुडगा बाहेर आला, धुळीनं माखलेला. त्यासोबत बडीशेपेचे चार दाणे आणि कुठल्यातरी लग्नातल्या अक्षता खाली पडल्या.

नाना पुढे वाकले. "या वायरी कापणार?"

"कापून पण जोडता येतात. लवकर होतं."

"कापू नको. कंपनीची वायर कापली की कुठेतरी सैल राहते."

श्रेयांसनं मान हलवली. "मलाही आवडत नाही कापायला. या गाडीचा कपलर आहे माझ्याकडे. कंपनीचा जोड तसाच त्यात बसतो, दुसरं टोक नव्या स्क्रीनला. पण काका, कॅमेऱ्याची वायर मात्र पार मागपर्यंत ओढावी लागेल. तेच वेळखाऊ काम आहे."

"ती मी ओढतो," नाना म्हणाले.

हेमांगीनं वर पाहिलं. कित्येक महिन्यांत नानांनी स्वतःहून कुठल्या कामाला हात घालतो म्हटलं नव्हतं. घरातला बल्ब गेला होता तोही भिकुबाईंच्या जावयानं बदलला होता.

नानांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. गाडीच्या दारांच्या उंबऱ्यावरच्या पट्ट्या काढून, मॅट उचलून, त्यांनी वायर दाराच्या कडेनं मागे नेली. कुठे घासणार नाही, कुठे पायाखाली येणार नाही, हे बघत बघत ते डिक्कीपर्यंत पोहोचले. कॅमेरा नंबर प्लेटच्या वर बसवला. दिव्याच्या मागच्या वायरींतून एक निवडून तिला जोड दिला, वर चिकटपट्टी गुंडाळली, आणि दंडानं घाम पुसत म्हणाले, "टाका रिव्हर्स."

श्रेयांसनं बॅटरीचं टोक पुन्हा लावलं, किल्ली फिरवली, रिव्हर्स टाकला. नवी स्क्रीन उजळली होती, तिच्यावर रंगीत चौकोन दिसत होते, पण मागचं काही दिसेना. नाना ओठ चावत उभे राहिले. हेमांगी मनात म्हणाली, आता हे पुन्हा ताडपत्री ओढतील.

श्रेयांसनं सहज म्हणून गाडीचे दिवे लावले. त्याबरोबर स्क्रीनवर दुकानाचं शटर आणि त्यापुढे झोपलेलं कुत्रं स्वच्छ दिसलं. दिवे बंद केले की चित्र गायब.

"काका, पार्किंग लाइटला जोडलीये तुम्ही," श्रेयांस म्हणाला.

नानांनी डिक्कीत वाकून जोड पाहिला. मग त्यांना हसू आलं. "म्हणजे अंधार पडला की रस्ताभर मागचंच बघत गेलो असतो." ते इतके हसले की त्यांना डिक्कीचा आधार घ्यावा लागला. हेमांगीही हसली, आणि तोंड फिरवून तिनं ओढणीनं डोळे पुसले.

या वेळी दोघांनी मिळून टेस्ट लॅम्प लावून वायर शोधली. चित्र आलं. हिरव्या, पिवळ्या, लाल रेघा आल्या. नानांनी त्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "आता गाणं लाव. मोठ्यानं."

श्रेयांसनं लावलं. शेजारच्या दुकानातला माणूस डोकावला, इतकं मोठ्यानं. "टाक रिव्हर्स," नाना म्हणाले. गिअर पडला आणि आवाज चाकूनं कापल्यासारखा गेला. रस्त्यावरच्या रिक्षाचा हॉर्न ऐकू आला, कुणीतरी कुणाला हाक मारत होतं तेही ऐकू आलं.

"पुन्हा टाक."

पुन्हा तेच झालं.

"उतर, मी बघतो." नाना गाडीच्या सीटवर बसले. इंजिन चालू न करता, नुसती किल्ली फिरवून, त्यांनी गिअर टाकला, काढला, टाकला, काढला. गाणं थांबायचं, सुरू व्हायचं. श्रेयांसनं त्यांना घाई केली नाही. दुसरं गिऱ्हाईक आलं, त्याला त्यानं थोडं थांबायला सांगितलं.

शेवटी नाना उतरले. श्रेयांसनं जुना टेप पुढे केला. "हा घेऊन जाता का? चालू आहे अजून."

"नको," नाना म्हणाले. "कुणाला लागला तर देऊन टाक. चांगला आहे. त्याचं काही वाईट नव्हतं."

परतताना पाळधीला हेमांगीनं चहासाठी गाडी थांबवली. चहा पिऊन झाल्यावर ती चालकाच्या बाजूला न जाता दुसऱ्या बाजूनं आत बसली आणि किल्ली डॅशबोर्डवर ठेवली. नाना बाहेर जरा रेंगाळले. मग बसले. पाळधी ते एरंडोल गाडी त्यांनी चालवली, हळू, ट्रकांना वाट देत. बोळाच्या तोंडाशी मात्र ते उतरले. "मागे तूच घे," म्हणाले. हेमांगीनं गाडी उलटी आत घातली, तोंड रस्त्याकडे करून, म्हणजे पुढच्या वेळी सरळ निघता येईल.

धुळ्याला दाखवायला जायचा दिवस आला. सकाळी नाना पुनाची वाट बघत ओट्यावर उभे होते. कमलबाई वॉकर टेकत बाहेर आल्या, नव्या लुगड्यात.

"पुना येनार नही," त्या म्हणाल्या. "मीच त्याले नको सांगं. त्यानी जीपमा मी बसनार नही आते."

"अगं, पण..."

"गाडीनं तोंड रस्ताकडे शे. चाला."

नानांनी मागच्या सीटवर उशा रचल्या. पण कमलबाई पुढेच बसल्या, सीट पार मागे सरकवून, पाय लांब करून. बोळातून गाडी सरळ बाहेर पडली. पारोळ्यापर्यंत नानांनी स्क्रीनला हात लावला नाही. मग एकदम गाडीभर घंटी वाजायला लागली आणि दोघंही दचकले. स्क्रीनवर हेमांगीचं नाव आलं होतं; नानांचा फोन तिनं दुकानातच स्क्रीनला जोडून ठेवला होता. कमलबाईंनी बोट लावलं.

"आई, निघालात का?" आवाज चारी बाजूंनी आला.

कमलबाई स्क्रीनजवळ तोंड नेऊन, जणू लेक आतच बसलीय अशा, मोठ्यानं म्हणाल्या, "निघनूत माय. तुना बापच चालाडी राहिना."

"बरं," हेमांगी म्हणाली. "मग ठेवते. त्यांना रस्ता बघू दे."

फोन बंद झाल्यावर कमलबाईंनी इकडे तिकडे बोट लावून रेडिओ शोधून काढला. आवाज बारीक ठेवला. नानांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, पण बंद कर म्हणाले नाहीत.

दवाखान्याच्या आवारात शिरताना त्यांनी गाडी मुद्दाम अशी लावली की समोर मोकळं असेल, सरळ निघता येईल. आत एक्स-रे झाला. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली, जुनी शेजारी धरली.

"छान जुळलंय हाड," ते म्हणाले. "वॉकर सोडा. थोडे दिवस काठी घ्या आणि पायावर भार द्या. घाबरू नका, भार दिला की आणखी पक्कं होईल."

कमलबाईंनी व्हरांड्यात काठी टेकत चालून दाखवलं. टोकापर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या. नाना भिंतीकडे तोंड करून पाणी प्यायच्या टाकीपाशी उभे होते. नळ चालू होता, पेला भरून वाहत होता, आणि ते तसेच उभे होते. कमलबाईंनी येऊन नळ बंद केला.

"चाला ना," त्या म्हणाल्या. "बठ्ठं नीट शे."

बाहेर आले तर गाडीच्या पुढे औषधांचा टेम्पो आडवा लागलेला. त्याचा चालक कुठे दिसेना. दवाखान्याचा वॉचमन आला.

"तो आता जेवायला गेलाय, बाबा. मागे घ्या, मागून वाट आहे. का मी काढून देऊ? द्या किल्ली."

नानांनी खिशातून किल्ली काढून त्याच्यापुढे धरली सुद्धा. तेवढ्यात कमलबाईंनी काठी त्या दोघांच्या मधे टेकली.

"ते काढतील," त्यांनी वॉचमनला सांगितलं. मग नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्हीन बसा. मी मांगे उभी राहस."

"मागे नको." नानांचा आवाज चढला. "तू आत बस, नाहीतर त्या पायरीवर जा."

"लांब उभी राहस. तथा, भिताडले टेकीसनी. तुम्हले दिसनू नही ते काढूच नका."

त्या काठी टेकत मागे निघाल्या. नाना बघत राहिले. गाडीच्या मागे बरीच मोकळी जागा होती, त्यापलीकडे आवाराची भिंत. कमलबाई भिंतीपाशी पोहोचल्या, पाठ टेकली आणि काठी समोर धरून उभ्या राहिल्या. वॉचमनही त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला.

नाना गाडीत बसले. दोन्ही काचा खाली केल्या. किल्ली फिरवताच मघाचं गाणं पुन्हा सुरू झालं. हाताला घाम होता, तो त्यांनी पँटला पुसला. क्लच दाबला. रिव्हर्स टाकला.

गाणं थांबलं.

स्क्रीनवर आवाराची फरशी आली, भिंत आली आणि भिंतीपाशी कमलबाई आल्या. त्या चित्रात त्या बुटक्या दिसत होत्या, कडेनं जरा वाकलेल्या, पण पायाच्या अंगठ्यापासून डोक्यावरच्या पदरापर्यंत पूर्ण दिसत होत्या. दोन्ही पायांवर उभ्या. काठी तर त्यांनी काखेत धरली होती आणि मोकळ्या हातानं खूण करत होत्या. आणि खिडकीतून, अगदी स्पष्ट, त्यांचा आवाज येत होता, "येऊ द्या. येऊ द्या. आखो येऊ द्या."

नानांनी गाडी सोडली. हिरव्या रेघेत फरशी सरकत गेली. मग पिवळी आली. कमलबाई चित्रात मोठ्या होऊ लागल्या तसा नानांनी ब्रेकवरचा पाय तयार ठेवला. "बस," मागून आवाज आला, आणि गाडी जागच्या जागी थांबली. लाल रेघेपासून भिंत कितीतरी लांब होती. वॉचमन म्हणाला, "अजून पाच फूट आहे की, बाबा." नाना म्हणाले, "असू दे."

कमलबाई येऊन बसल्या. काठी मागे टाकली, पाय लांब केला. नानांनी गिअर पुढचा टाकला, गाणं पुन्हा सुरू झालं, आणि मागच्या वाटेनं वळून गाडी रस्त्याला लागली.

चौक ओलांडला. मग नाना म्हणाले, "ऐकू आलं मला."

"काय?"

"तू बस म्हटलेलं."

कमलबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी हात पुढे करून नवऱ्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि फागणे येईपर्यंत काढला नाही.

फागण्याजवळ रस्त्याच्या कडेला एक बाई हरभऱ्याच्या हिरव्या जुड्या घेऊन बसली होती. कमलबाईंनी गाडी थांबवायला लावून दोन जुड्या घेतल्या. त्या घाटे सोलत राहिल्या, एक दाणा स्वतः, दोन नानांच्या तळहातावर. टरफलं पायाशी पडत होती. एरवी नानांनी गाडी घाण होते म्हणून कटकट केली असती. आज त्यांना काही म्हणावंसं वाटलं नाही. सकाळपासून पोटात काही नव्हतं हे त्यांना आत्ता जाणवलं, आणि भूक अशी सपाटून लागली होती की दाणे पुरेनात.

"पारोळ्याला शेवभाजी खायची का?" त्यांनी विचारलं.

"खाऊत ना," कमलबाई म्हणाल्या, आणि आवाज थोडा वाढवला.